कंपन्यांना गिऱ्हाईक खूश व्हावं असं खरंच वाटतं, की फक्त १० पैकी १० हवे असतात?

पांढरा_समुद्र (रत्नागिरी)
परवा भावाची स्कूटर सर्व्हिसिंगहून आणली. शोरूम एकदम चकाचक, एसी, कॉफीचं मशीन, भिंतीवर "ग्राहक हाच देव". निघताना काउंटरवरचा पोरगा हळूच म्हणतो, ताई उद्या-परवा कंपनीतून फोन येईल, प्लीज १० द्या हां, ९ दिले तरी आमच्याकडून लेखी मागतात का कमी पडला म्हणून. मी म्हटलं अरे पण ब्रेक अजून करकरतोय, ते बघ की आधी. तर म्हणे ते तुम्ही कधीपण आणा मी स्वतः बघून देतो, पण नंबर मात्र १० च द्या.

आता त्या पोराला माझी पर्वा नव्हती असं मी म्हणणार नाही, बिचारा बोलला नीट. शोरूमच्या मालकालाही गिऱ्हाईक परत यायला हवंच असणार. पण वरची जी कंपनी आहे, जी दर वेळी न चुकता मेसेज करून विचारते की तुम्ही समाधानी आहात का, तिला नक्की काय हवंय? ब्रेक करकरतोय हे तिला कोणी कळूच देत नाहीये, आणि कळवायची जी सोय तिने केली तिच्यातूनच ते दाबलं जातंय. तुमचे अनुभव लिहा, नुसत्या शिव्या नकोत, आतली माहिती असेल तर ती पण लिहा.

फणसअठळी
करकरतोय म्हणजे लागतोय. १० द्या. लागलाच नाही तर ९.

हेडसेटवाला (सावंतवाडी)
मी मुंबईत बरीच वर्षं कॉल सेंटरला काढली, आधी टेलिकॉम मग एक बँक, आता घरी येऊन काजूचं बघतो. त्यामुळे आतलं सांगतो.

ताई तो जो १० चा खेळ आहे त्याला नेट प्रमोटर स्कोअर म्हणतात. फ्रेड राइकहेल्ड म्हणून एक सल्लागार, त्याने २००३ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडला. तुम्ही आमचं नाव मित्राला सुचवाल का, एवढा एकच प्रश्न, ० ते १०. ९ नि १० वाले प्रमोटर, ७-८ वाले हिशेबातच नाहीत, ६ पासून खाली सगळे विरोधक. प्रमोटरच्या टक्क्यातून विरोधकांचे टक्के वजा केले की झाला स्कोअर. आता आपल्याकडे बघा, ६० टक्क्यांना फर्स्ट क्लास मानणारी माणसं आपण, त्यात कोकणी माणूस, जेवण कितीही झकास झालं तरी तोंडातून निघणार "बरं होतं". तो ७ देतो आणि त्याला वाटतं आपण केवढं कौतुक केलं, तिकडे त्या ७ ची किंमत शून्य आणि ६ दिले तर पोराचा इन्सेन्टिव्ह गेला. म्हणून ती पोरं आधीच विनवण्या करतात, त्यांचा दोष नाही.

मूळ कल्पना वाईट नव्हती, ज्याने कमी मार्क दिले त्याला परत फोन करून काय बिनसलं ते विचारायचं आणि दुरुस्त करायचं, हाच तर सगळा मुद्दा होता. पण आकडा एकदा पगाराला बांधला की आकडाच दुरुस्त होतो.

दुसरं एक मोजमाप असतं, एएचटी, म्हणजे एका कॉलला सरासरी किती वेळ लावला. एखादे आजोबा लाईनवर आले की आमच्या पोटात गोळा यायचा, कारण ते आधी वाडीचं नाव सांगणार, मग मुलगा कुठे असतो ते, मग चष्मा शोधणार, मग कार्डावरचा नंबर वाचणार तोही उलट्या बाजूने. खरंच मदत करायची तर वीस मिनिटं हवीत आणि समोर स्क्रीनवर सेकंद पळतायत. मग "तुमची तक्रार नोंदवलेली आहे, ४८ तासात संपर्क होईल" हे वाक्य येतं. तुम्हाला ते ऐकून जेवढा राग येतो ना तेवढीच ते बोलणाऱ्याला लाज वाटत असते, निदान पहिले काही महिने तरी.

दापोलीची_सून
हेडसेटवाले, तुम्ही टेलिकॉमला होतात तर हे सांगा, आमच्या वाडीत एकाच कंपनीची रेंज येते, तीपण गच्चीच्या एका कोपऱ्यात. सासूबाईंकडे बटणाचा फोन. त्यांना फक्त मुलाचा फोन उचलायचाय. तर इतकी वर्षं रोजच्या दीड जीबी डेटाचे पैसे भरतोय आम्ही, जो त्या बिचारीने एक थेंब वापरला नाही. आणि ते २८ दिवस! महिना २८ दिवसांचा कोणाच्या पंचांगात असतो?

हेडसेटवाला
२८ दिवसाने रिचार्ज केला की वर्षाला १२ ऐवजी १३ होतात, एवढंच गणित. २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, आदेश काढला की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा निदान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा निदान एक प्लॅन ठेवलाच पाहिजे. आणि तुमच्या सासूबाईंसाठी, डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनेच सांगितलं की नुसत्या कॉल नि एसएमएसचे पॅक द्या, ते २०२५ च्या सुरुवातीपासून मिळतायत. अॅपवर पटकन दिसणार नाहीत, खाली खाली जाऊन शोधावे लागतात, दुकानदारही आपणहून सांगत नाही. विचारा.

आता गंमत सांगतो. १९०० ला पोर्टचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा, मेसेज टाकून बघा. जिथे एरवी माणूस भेटत नाही तिथून तुम्हाला फोन येईल, नाव घेऊन, अगदी मवाळ आवाजात, काय त्रास झाला सर, तुमच्यासाठी खास ऑफर आहे. ती वेगळी टीम असते, रिटेन्शन डेस्क. आम्ही साध्या डेस्कवर बसून दहा रुपये माफ करू शकत नव्हतो, त्यांना सूट द्यायचे अधिकार असायचे. म्हणजे पंधरा वर्षं गुपचूप बिल भरणाऱ्याला काही नाही, आणि निघतो म्हणणाऱ्याला पायघड्या. मला तेव्हाच कळलं काय ते.

दापोलीची_सून
पण आम्ही पोर्ट करून जाणार कुठे, दुसऱ्याची रेंजच नाही. हे त्यांनापण माहीत असणार.

हेडसेटवाला
असतं. पिनकोडनिहाय माहीत असतं.

देवबागकर_न्याहारी
मालवणीत लिवतंय, समजून घेवा. आमचा चार खोल्यांचा घर आसा, निवास न्याहारी. गिऱ्हाईक सगळा पुण्या-मुंबयचा नि कोल्हापूरचा. माका इचारशात तर पाहुणो खूश व्हयो असा माका खरांच वाटता, कित्याक तर तो उद्या सकाळी माझ्याच समोर बसान घावणे खातलो, माका तोंड लपवूक जागा खय आसा? पण खरां सांगतंय, ह्या ऑनलाईन बुकिंग इल्यापासून माझोव स्वभाव बदललो हा. पाहुणो गेट भायर पडलो की पयलो इचार स्टारचो. एका पार्टीन पाच जणांच्या बुकिंगार आठ जण हाडल्यानी, मिया जास्तीच्या गाद्यांचे पैशे मागलंय, तर खोलयेत मुंगये आसत म्हणान दोन स्टार टाकल्यानी. पावसाळ्यात देवबागात मुंगये नाय तर काय पेंग्विन येतले? तेव्हापासून मी गाद्यांचे पैशे मागूचेच सोडलंय. हेका गिऱ्हाईकाची काळजी म्हणतत की भिती, तां तुमी सांगा.

आणि ती वेबसाईट दर बुकिंगामागे माझ्याकडसून कमिशन घेता, म्हणजे मी तेंचो गिऱ्हाईकच झालंय ना? पण मी फोन केलंय तर माणूस गावणाच नाय, मशीन बोलता. पाहुण्यान फोन केल्यान तर मात्र लगेच माका मेल, की चोवीस तासात खुलासो करा.

पांढरा_समुद्र
देवबागकर, तुमचं वाचून हसू पण आलं आणि डोक्यात प्रकाशही पडला. पुण्याहून दोन दिवस आलेल्या पाहुण्याच्या हातात तुम्हाला झोपवायची ताकद आहे, आणि दापोलीच्या ताई जन्मभर तिथेच राहणार, दरमहा पैसे भरणार, त्यांच्या हातात काहीच नाही. आपल्या किनाऱ्याचं हेच आहे, टुरिस्टाला चार पर्याय नि आपल्याला सगळं एकेक. एक टॉवर, एक डीलर, तालुक्याला एक सर्व्हिस सेंटर तेपण मंगळवारी बंद. मला तर वाटायला लागलंय की कंपनीला पर्वा असते का हा प्रश्नच अर्धा आहे, आपण सोडून गेलो तर तिला ते कुठे दुखतं का, हे आधी बघायला पाहिजे.

आकडेमोड
जरा दुसरी बाजू मांडू द्या. मी एका ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीत आहे, नाव सांगत नाही. "कंपनीला वाटतं का" असं विचारताना आपण कंपनीला माणूस समजतो. कंपनीला काही वाटत नसतं, तिथे पद्धती असतात, आणि पद्धत नीट असली तर गिऱ्हाईकाचं भलं होतं, मग मनात काही का असेना. २००३ चं आठवतंय का, ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, महाराष्ट्राच्या एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला, कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. कंपनी आधी म्हणाली दुकानदार साठवण नीट करत नाहीत. विक्री आपटली. मग त्यांनी प्रोजेक्ट विश्वास काढला, दुकानदारांपर्यंत जाऊन साठवण तपासली, २००४ च्या सुरुवातीला नवीन सीलबंद वेष्टन आणलं, जास्त खर्च करून, आणि अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. विक्री परत आली. आज ते वेष्टन सगळ्यांना साधं वाटतं. मग त्यांना पर्वा होती की नव्हती याने काय फरक पडला? चॉकलेट चांगलं मिळालं ना.

फणसअठळी
म्हणजे अळ्या दिवाळीआधी निघाल्या पाहिजेत. शिमग्याला निघाल्या असत्या तर दुकानदाराचीच चूक राहिली असती.

आकडेमोड
चेष्टा सोडा, पण मुद्दा तोच आहे. पेपरात आलं, विक्री पडली, म्हणून हललं.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
पेपरात आलं की हलतं हे अर्धं खरं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण देशभर टीव्हीवर होतं, माझ्या दुकानात पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी, हार्डवेअरचं दुकान, सिमेंट रंग मोटारी सगळं गेलं. विमा होता. दरवर्षी बँक खात्यातून न विचारता हप्ता कापायची, त्यामुळे मी निश्चिंत. तेव्हा कळलेलं सांगतो, दुकान असेल त्यांनी लक्ष देऊन वाचा.

बँक विमा उतरवते तो तिच्या कर्जापुरता. माल असतो दुप्पट. समजा दुकानात १० लाखांचा माल आहे आणि विमा ५ लाखांचा, आणि नुकसान झालं ४ लाखांचं, तर तुम्हाला वाटतं ५ च्या आत आहे म्हणजे ४ मिळणार. नाही. विमा निम्म्याचाच होता म्हणून भरपाईही निम्मीच, २ लाख. याला अंडरइन्शुरन्स म्हणतात, पॉलिसीत लिहिलेलं असतं, आणि विकताना एक माणूस ते सांगत नाही. लहान धंद्यांसाठी एप्रिल २०२१ पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आहे, तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, पण निम्मा विमा असेल तर तिचाही उपयोग नाही.

नुकसान बघायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तेव्हा म्हणाला खरेदीची बिलं दाखवा. अहो बिलं त्याच पाण्यात होती ना. शेवटी सीएने जीएसटी पोर्टलवरून वर्षभराची खरेदी काढून दिली, त्यावर निभावलं. त्या सर्व्हेअरबद्दल मी वाईट बोलणार नाही, चिखलात गमबूट घालून दिवसभर फिरत होता, स्वतःच्या डब्यातली पोळी माझ्या कामगाराला दिली त्याने. पण तो अहवाल देणार, आणि रक्कम ठरवणारा पुण्या-मुंबईत कुठेतरी बसलेला, ज्याने चिखल बघितलेला नाही. विमा विकायला आलेला माणूस मात्र त्यानंतर परत दिसला, पुढच्या वर्षीच्या हप्त्याला.

कलमवाला (राजापूर)
वाशिष्ठीकाठ, आमच्या आंब्याच्या विम्याचं तर अजून निराळं. हवामान आधारित फळपीक विमा. बागेत काय झालं ते बघायला सहसा कोणी येतच नाही, महसूल मंडळातलं हवामान केंद्र काय आकडा सांगतं त्यावर पैसे. अवेळी पाऊस, तापमान, सगळं त्या यंत्रावर. माझी बाग सड्यावर, यंत्र खाली खाडीकडे. मोहोर माझा जळतो आणि यंत्राला गार वाटतं. आणि हप्त्यातला मोठा वाटा केंद्र नि राज्य सरकार भरतं, मग विमा कंपनीचा खरा गिऱ्हाईक कोण, मी का सरकार? माझी मर्जी कशाला सांभाळतील.

पण मला या धाग्यावर एक खटकतंय ते बोलतो. सगळे कंपन्यांवर घसरलेत, आपलं काय? २०१८ ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी सिंधुदुर्ग रायगड ठाणे पालघर एवढ्याच जिल्ह्यांचा आंबा हापूस. आणि हायवेला स्टॉल टाकून कर्नाटकचा आंबा देवगडच्या बॉक्समध्ये घालून विकणारे कोण आहेत? आपलीच माणसं. वरच्या थरात अडीचशे ग्रॅमची फळं आणि खाली लिंबाएवढी, पेटी बांधताना कोणाचे हात असतात? तो टुरिस्ट परत त्याच स्टॉलवर येणार नाही हे माहीत असतं म्हणून. तिथे ना कॉल सेंटर ना स्कोअर, माणूस समोरासमोर आहे, तरी फसवतोच.

आणि उलटंही बघितलंय. माझा फवारणी पंप एका छोट्या कारखान्याचा, डीलर कोल्हापूरला. ऐन मोहोरात वॉशर गेला. फोन लावला तर म्हणे बँकेत पैसे टाकू नका, वॉशर आहे तो दोन रुपयांचा, एसटी पार्सलने टाकतो, संध्याकाळच्या गाडीला जाऊन घ्या. मिळाला. मी त्याचा दुसरा पंप घेईन असं काही नव्हतं, पंप वीस वर्षं टिकतो.

देवबागकर_न्याहारी
कलमवाल्यानू, आंब्याचा बोललात तां एकदम बरोबर. पाहुणे पेटी घेवन येतत नि माका इचारतत ह्यो देवगड मां? मी काय सांगू.

दापोलीची_सून
गणपतीला खासगी बसवाले काय करतात ते पण लिहा कोणीतरी. माझा दीर दरवर्षी रडतो.

जुना_शिरस्तेदार
लिहितो. राज्य सरकारने २०१८ सालीच ठरवून दिलंय की खासगी बसने त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. तक्रार आरटीओकडे करता येते. पण रात्री अकराला सायनला मांडीवर पोर आणि हातात मखराचं सामान घेऊन उभा असलेला चाकरमानी आरटीओला फोन लावत बसणार आहे थोडाच, त्याला सकाळी घरी पोचायचंय. हेच बसवाला जाणून आहे.

मंडळी, तुमची चर्चा चांगली चाललीये पण मी सरकारी नोकरीत कागदं चाळत म्हातारा झालेला माणूस, मला मनं ओळखता येत नाहीत, म्हणून कामाचं सांगतो. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर, मराठीत बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, पण कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत कागद पोचवतात, आणि पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात सगळ्यात मोठी सोय म्हणजे तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुरगावला असो नाहीतर बंगळुरूला. वस्तूची किंवा सेवेची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. ऑनलाईन पण दाखल होते. घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत.

आणि अॅपवर तिकीट काढताना आपोआप टिक झालेला विमा, नाही तर सबस्क्रिप्शन बंद करायचं बटणच न सापडणं, हे सगळं केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नावानिशी अनुचित ठरवलंय, असे १३ प्रकार दिलेत. हेल्पलाईनला तसं सांगा, ऐकतात.

आकडेमोड
काकांनी लिहिलंय ते आमच्याकडे कसं दिसतं ते सांगतो. हेल्पलाईनवरून आलेली तक्रार वेगळ्या रंगात येते, तिला मुदत असते, आणि ती मुदत उलटली तर वरच्या मीटिंगमध्ये नाव येतं. साधा ईमेल तीन आठवडे पडून राहील. माणसं तीच, टेबल तेच. त्यामुळे पांढरा_समुद्र यांचं "कुठे दुखतं का" पटलं मला, मी आधी जरा ताणून बोललो.

पांढरा_समुद्र
काका, फार उपयोगी. पण यात सगळा भार परत गिऱ्हाईकावरच आला ना? १९१५ लावा, कागद जपा, पोर्टल बघा. जो शिकलेला आहे, वेळ आहे, तो भांडेल. सासूबाईंचं काय?

जुना_शिरस्तेदार
त्यांच्या वतीने सून भांडेल. खरं सांगू का, माझ्या नोकरीच्या काळातही अर्ज त्याचाच पुढे सरकायचा जो परत परत येऊन उभा राहायचा. हे काही कंपन्यांनीच शोधून काढलेलं नाही.

दापोलीची_सून
सून भांडतेच आहे काका! आता तुम्ही आहातच तर विचारते. मामंजी बँकेत एफडी मोडून पुन्हा नवीन करायला गेले, तिथल्या मॅडम फार गोड बोलल्या, चहा दिला, खुर्ची दिली, आणि म्हणाल्या एफडीसारखंच आहे पण व्याज जास्त. आता मेसेज आला तर कळलं विमा पॉलिसी आहे, दहा वर्षं हप्ते भरायचे. मामंजी ७२ चे. आणि तेच आम्हाला सांगतात की मॅडम किती चांगल्या आहेत, एवढी विचारपूस दुसरं कोण करतं. आता काय करू?

हेडसेटवाला
महिनाअखेर होती का? तेव्हा खुर्ची नि चहा जास्त मिळतो. बँकेला प्रत्येक पॉलिसीमागे कमिशन असतं, आणि शाखेला टार्गेट. त्या मॅडम घरी जाऊन सुखाने झोपत असतील असंही नाही.

जुना_शिरस्तेदार
पॉलिसीचा कागद हातात कधी पडला ते आधी सांगा. तिथून ३० दिवसांच्या आत, नको म्हणून लेखी दिलं की थोडेफार पैसे कापून बाकीचे परत करावे लागतात, फ्री लुक म्हणतात त्याला.

दापोलीची_सून
कागद आलाच नाही. मोबाईलवर पाठवलाय म्हणे. मामंजींचा फोन पण बटणाचाच आहे, त्यात काय उघडणार.

जुना_शिरस्तेदार
मग वेळ घालवू नका. उद्याच दोन अर्ज करा, एक बँकेच्या शाखेला, एक विमा कंपनीला. एफडी म्हणून सांगितलं, पॉलिसी वाचायला मिळाली नाही, वय अमुक, पैसे परत हवेत, एवढंच लिहा, शिव्या नकोत आणि मॅडमचं कौतुकही नको. मामंजींची सही घ्या. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का नि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, उद्या या म्हणाले तरी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल आहे, तिथे फी लागत नाही, बँकेसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल वेगळा. अर्जाचा मसुदा मी रात्री टाकतो इथे.

दापोलीची_सून
टाका काका. शाखा बुधवारी उघडते आमच्याकडे, सोमवार-मंगळवार त्यांचा माणूस दुसऱ्या गावात असतो.